जयप्रकाशांची डायलिसिसवरची चार वर्षे

पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच बंद झाल्या, की डायलिसिससाठी मुंबई गाठणारे इथले रुग्ण अडचणीत येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: डॉक्टर, असं किती दिवस चालायचं? मग मी त्यांना जयप्रकाश नारायण यांच्याबद्दल सांगतो.

बिहारमधल्या सिताबदियाराचा १९०२ सालचा जन्म. अमेरिकेत शिक्षण, परतल्यावर नाशिकचा तुरुंग आणि १९४२ मध्ये हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून सुटका. असा हा कणखर माणूस. २६ जून १९७५ ला आणीबाणीत अटक झाली तेव्हा वय ७२ होते. चंदीगडला स्थानबद्धतेत असतानाच प्रकृती ढासळली. नोव्हेंबरात सुटका होऊन ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले, तोवर दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. डायलिसिस आता जन्मभराचे होते.

रक्त शुद्ध करण्याचे काम यंत्र करते. माणसाने लक्ष ठेवायचे ते रक्ताभिसरणावर. साधारण चार तासांत अंगातले दोन-तीन लिटर पाणी रक्तातून काढले जाते. पेशींभोवतीचे पाणी तितक्या वेगाने रक्तात उतरले नाही, तर रक्तदाब कोसळतो. आधी जांभया येतात, मग घाम, पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. हे वारंवार झाले तर हृदयाच्या स्नायूलाही रक्त कमी पडते. आजची काही यंत्रे रक्त किती घट्ट होत चालले आहे हेही मोजतात. जयप्रकाशांच्या काळात भिस्त होती ती रक्तदाबाच्या पट्ट्यावर, वजनकाट्यावर आणि जागरूक नर्सच्या नजरेवर. खरे सांगायचे तर आजही ती नजर सुटून चालत नाही. दोन डायलिसिसच्या मधे भरमसाट पाणी पिऊन येणाऱ्याला कुठलेच यंत्र पुरे पडत नाही.

मांडव्याच्या रुग्णांना मी आणखी दोन गोष्टी बजावतो. डायलिसिसनंतर उभे राहून रक्तदाब मोजल्याशिवाय हलत्या लाँचमध्ये पाय ठेवू नका. आणि हातावरच्या फिस्टुलाची थरथर रोज सकाळी बोटांनी चाचपा. ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

जयप्रकाशांसाठीचे यंत्र लोकांच्या वर्गणीतून आले. पंतप्रधानांकडून आलेली मदत त्यांनी परत केली होती. डायलिसिस चालू असतानाच त्यांनी विरोधी पक्षांना एकत्र आणले आणि १९७७ ची निवडणूक जिंकून दिली. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची बातमी थेट लोकसभेत जाहीर झाली, श्रद्धांजलीही वाहिली गेली. इकडे मुंबईत त्यांची नाडी चालू होती! त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ ते जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता.