गुरूंनी भरलेला दंड

समाजाचे पुढारपण ज्यांच्याकडे असते त्यांनी इतरांचे दोष दाखवावे, हे सर्वांस मान्य आहे. परंतु त्यांचे स्वतःचे दोष कोणी दाखवावे, आणि कोणी दाखविलेच तर त्यांनी ते कोणत्या मनाने ऐकावे, हा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडील सभा, देवस्थानांचे पंच आणि जातींच्या पंचायती एकदम मौन धरितात. शिष्याने गुरूस, सभासदाने अध्यक्षास, किंवा धाकट्याने वडीलधाऱ्यास चूक दाखविणे म्हणजे अमर्यादा, अशी समजूत आपल्या हाडीमांशी खिळली आहे. ती धर्माने घालून दिली असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. अशा लोकांच्या समाधानासाठी आम्ही आज एका धर्मगुरूचेच चरित्र वाचकांपुढे ठेवितो. आणि त्यासाठी नांदेड-लातूरकडील वाचकांस फार दूर जावयाचे कारण नाही. गोदावरीच्या तीरी, नांदेड येथे, ७ ऑक्टोबर १७०८ रोजी ज्यांनी देह ठेविला त्या गुरु गोविंदसिंगांचे हे चरित्र होय. नांदेडच्या मोंढ्यातील व्यापारी आणि लातूरच्या गंजगोलाईतील अडते ह्यांस गुरूंचे नाव ठाऊक नाही असे नाही. पण त्या नावाबरोबर तलवार, घोडा आणि बाज पक्षी एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. त्या पराक्रमाच्या मागे असलेली नम्रता, निर्भीड कानउघाडणी आणि क्षमा ह्यांकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही.

गुरूंचा जन्म १६६६ साली पाटण्यास झाला. त्यांचे वडील गुरु तेगबहादुर ह्यांस १६७५ साली औरंगजेबाच्या अमलात दिल्ली येथे देहांताची शिक्षा झाली, आणि नऊ वर्षांच्या मुलाकडे गादी आली. इतक्या कोवळ्या वयात हजारो माणसे ज्याच्या पाया पडू लागतात तो मनुष्य पुढे हट्टी व मानाचा भुकेला व्हावयाचा, हा जगाचा नित्याचा अनुभव. गुरूंच्या बाबतीत तो खोटा ठरला. त्या काळी भाविकांकडून भेटी गोळा करण्यासाठी गावोगाव मसंद नावाचे मध्यस्थ असत. आरंभी ही व्यवस्था सोयीची होती. पण पुढे मसंद गबर झाले, भाविकांस नाडू लागले आणि धर्माच्या पैशावर चैन करू लागले. गुरूंनी आपल्याच ह्या हस्तकांची चौकशी केली, अपराध्यांस शासन केले आणि ती पद्धतच मोडून टाकिली. दुसऱ्याच्या घरातील केर काढण्यापूर्वी आपल्या घरातील काढावा, ही सुधारणेची पहिली पायरी त्यांनी न डगमगता चढली. उत्पन्नाची वाट बंद होईल ह्या भयाने त्यांनी डोळेझाक केली नाही, हे पेढी चालविणाऱ्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

१६९९ सालच्या बैशाखीस आनंदपूर येथे त्यांनी खालसा पंथाची स्थापना केली. शिर मागितले असता जे पाच जण पुढे आले ते पंचप्यारे म्हणून प्रसिद्ध आहेत. परंपरेप्रमाणे त्यांत लाहोरचा एक खत्री, हस्तिनापूरचा एक जाट, जगन्नाथपुरीचा एक पाणक्या, द्वारकेचा एक छिंपी आणि बीदरचा एक न्हावी होता. हे बीदर म्हणजे आपल्या उदगीरच्या शेजारचेच. तेव्हा खालशाच्या पायाचा एक दगड आपल्या अंगणातून गेला आहे म्हणण्यास हरकत नाही. गुरूंनी ह्या पाचांस अमृत देऊन दीक्षा दिली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्यानंतर जे घडले ते धर्मसंस्थांच्या इतिहासात विरळा. गुरूंनी त्याच पाचांपुढे हात जोडले आणि आपणासही तुम्ही दीक्षा द्यावी अशी विनंती केली. गुरू शिष्य झाला आणि शिष्य गुरू झाले. न्हावी आणि पाणक्या ह्यांच्या हातून दीक्षा घेणाऱ्या त्या पुरुषाने जातीचा अभिमान आणि गादीचा अभिमान अशा दोन्ही गाठी एकाच क्षणी सोडविल्या. ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेस रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतल्याची कथा आहे. तिच्याशी हा प्रसंग ताडून पाहावा. दोन्ही ठिकाणी शिकवण एकच आहे की, जो श्रेष्ठ असेल त्याने सेवा करावी.

ही नम्रता केवळ विधीपुरती होती काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर दक्षिणेच्या वाटेवर मिळते. १७०७ च्या सुमारास राजस्थानातील नारायणा गावी दादू दयाळ ह्या संताच्या स्थानावरून जात असता गुरूंनी बाण लववून नमस्कार केला, अशी शीख परंपरा आहे. समाधीपुढे मस्तक नमवू नये, हा त्यांनीच पंथास घालून दिलेला नियम. बरोबरच्या शिखांनी तेथल्या तेथे गुरूंस हटकले आणि नियमभंगाचा दंड ठोठावला. आपण शिष्यांची परीक्षाच पाहत होतो, असे गुरूंचे म्हणणे असल्याचे सांगतात; पण परीक्षा म्हणून ते दंडातून सुटले नाहीत. त्यांनी दंड भरला, आणि आपले लोक नियमास जागतात हे पाहून आनंद मानिला. आम्ही कायद्याचे अभ्यासक असल्यामुळे ह्या लहानशा प्रसंगाचे मोल आम्हांस मोठे वाटते. कायदा करणाराही कायद्याच्या खाली आहे, हे तत्त्व युरोपात प्रस्थापित होण्यास राजांची व प्रजेची मोठी झुंज व्हावी लागली. येथे ते एका रस्त्याच्या कडेला, विनातक्रार, मान्य झाले. ख्रिस्ती मंडळीच्या आरंभकाळात अंत्युखिया नगरात पौलाने पेत्रासारख्या ज्येष्ठ प्रेषितास तोंडावर दोष दिला, हे पौलाने आपल्या पत्रात लिहून ठेविले आहे, आणि ते पत्र त्या धर्माने आपल्या पवित्र ग्रंथातून वगळले नाही. ज्या संस्थेत असा शब्द उच्चारता येतो, आणि नोंदला जाऊन टिकतो, ती संस्था जगते.

आता कानउघाडणीचा विचार करू. स्वतः दंड भरणाऱ्यासच दुसऱ्यास दोष देण्याचा अधिकार पोहोचतो. १७०४ च्या हिवाळ्यात मोगल अधिकाऱ्यांनी कुराणाच्या शपथा वाहून गुरूंस आनंदपूर सोडावयास लाविले, आणि ते बाहेर पडताच शपथा मोडून त्यांच्यावर हल्ला केला. चमकौर येथे अजितसिंग व जुझारसिंग हे दोन पुत्र लढता लढता पडले. जोरावरसिंग व फतेसिंग ह्या दोन बालकांस सरहिंदचा सुभेदार वजीरखान ह्याने ठार करविले. वृद्ध मातेचाही तेथेच अंत झाला. असा घाव बसल्यावर १७०५ साली गुरूंनी औरंगजेबास फारसी पद्यात जे पत्र लिहिले ते जफरनामा ह्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात शिव्याशाप नाहीत. बादशहाच्या अंगचे गुण त्यात मोकळ्या मनाने मान्य केले आहेत. आणि मग, तुझ्या नावाने तुझ्या धर्मग्रंथावर वाहिलेली शपथ तुझ्या माणसांनी मोडली, ह्याचा जाब तुला दिला पाहिजे, असा रोखठोक मुद्दा मांडिला आहे. नोकराच्या कृत्यास धनी जबाबदार, ही गोष्ट व्यापाऱ्यास समजावून सांगावयास नको. मुनिमाने खोटी चिठ्ठी फाडली तर पत पेढीचीच जाते. पत्र घेऊन जाणारे दयासिंग व धरमसिंग हे पंचप्याऱ्यांपैकीच होते, आणि ते आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या बाजूस असलेल्या बादशहाकडे आले. बादशहाने गुरूंस भेटीस बोलाविले. परंतु ती भेट होण्यापूर्वीच ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगर येथे त्याचा अंत झाला. इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीकाच्या कत्तलीबद्दल मिलानचा बिशप अँब्रोज ह्याने रोमन सम्राट थिओडोसियस ह्यास प्रभुभोजनापासून दूर ठेविले, सम्राटाने उघड प्रायश्चित्त घेतले आणि बिशपाने त्यास पुन्हा जवळ केले. तेथे कानउघाडणीचे फळ हाती आले. येथे काळाने ते येऊ दिले नाही. परंतु दोष सांगण्याची रीत दोन्हीकडे एकच दिसते. दोष नेमका सांगावा, पुराव्याने सांगावा, आणि परत येण्याची वाट मोकळी ठेवावी.

क्षमेचे दोन प्रसंग सांगून हे चरित्र पुरे करू. आनंदपूरच्या लढाईत भाई कन्हैया नावाचा एक शीख जखमींस पाणी पाजीत फिरे, आणि त्यात शत्रूकडील जखमीही असत. लोकांनी त्याच्याविरुद्ध फितुरीचा आरोप आणिला. गुरूंनी प्रथम त्यास बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घेतले. पाणी पाजताना आपणास आपला व परका असा भेद दिसत नाही, असे त्याने सांगताच गुरूंनी त्यास दोषमुक्त केले. इतकेच नव्हे, तर जखमांस लावण्यासाठी मलमही दिले. दुसरा प्रसंग अधिक कठीण. आनंदपूरच्या वेढ्यात उपासमारीने गांजलेल्या चाळीस शिखांनी, आपण तुमचे शिष्य नव्हे, असा लेख लिहून दिला आणि घर गाठले. घरच्या स्त्रियांनी त्यांस धिक्कारिले. माई भागो नावाच्या शूर स्त्रीने त्यांस परत आणिले, आणि १७०५ साली खिद्राण्याच्या तळ्याकाठी लढून ते पडले. मरणोन्मुख महासिंगाने मागणे मागितले ते एवढेच की, तो लेख फाडावा. ज्या लढ्यात ते सोडून गेले त्यात गुरूंचे चारही पुत्र गेले होते. तरी त्यांनी तो कागद जपून ठेविला होता तो तत्काळ फाडून टाकिला, आणि त्या चाळिसांस मुक्त म्हणून गौरविले. ते ठिकाण आज मुक्तसर म्हणून ओळखले जाते. माई भागो पुढे गुरूंबरोबर नांदेडास आली आणि बीदरजवळ जिनवाडा येथे तिने उरलेले आयुष्य घालविले.

येथे एक आक्षेप येईल. असा क्षमाशील पुरुष वजीरखानास का विसरला नाही? ह्याचे उत्तर आम्हांस सरळ दिसते. चाळिसांचा अपराध गुरूंविषयी होता, आणि अपराधी पश्चात्तापाने परतले होते. तो क्षमा करण्याचा अधिकार गुरूंचाच. बालकांची हत्या हा सर्व प्रजेविरुद्ध केलेला अपराध, आणि अपराध्यास त्याची खंत नव्हती. तेथे क्षमा म्हणजे न्यायाचा त्याग झाला असता. गुरूंनी नवा बादशहा बहादूरशहा ह्याची भेट घेतली. न्याय मिळत नाही असे दिसल्यावर नांदेड येथे दीक्षा घेतलेल्या माधोदास बैराग्यास, म्हणजे बंदासिंगास, पंजाबात पाठविले. आणि त्यालाही मोकळा न सोडता पाच जाणत्या शिखांचे मंडळ त्याच्या सल्ल्यास दिले. हे भांडण एका धर्माचे दुसऱ्या धर्माशी होते असेही कोणी समजू नये. संकटात गुरूंस लपवून वाचविणारे नबीखान व गनीखान मुसलमानच होते, आणि बालकांच्या हत्येचा निषेध करणारा मालेरकोटल्याचा नबाबही मुसलमानच होता.

नांदेड येथे मारेकऱ्याच्या वाराने झालेली जखम प्राणघातक ठरली. अंतकाळी गुरूंनी कोणा व्यक्तीस गादी दिली नाही. ग्रंथास गुरुपद दिले, आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ ह्या काळात येथे सचखंडाची इमारत बांधविली, आणि १९५६ साली हैदराबाद राज्याच्या विधिमंडळाने त्याच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र कायदा केला.

ह्या चरित्राचा आपल्याशी संबंध कोणता, हे सांगणे प्राप्त आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा झाला आणि तो २०१७ पासून अमलात आहे. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. असा कायदा करावा लागला, ह्यातच आपल्या जातपंचायतींचे वर्णन आले. तेथे दंड दुबळ्याने भरावयाचा, पंचाने नव्हे. आरोपीचे ऐकून घेण्यापूर्वी निकाल ठरावयाचा. आणि एकदा वाळीत टाकलेल्याच्या नातवंडांसही तो डाग चिकटावयाचा. कायद्याने शिक्षा देता येते, मन बदलता येत नाही. ते काम समाजाने स्वतः केले पाहिजे. आमच्या सूचना तीन आहेत. प्रत्येक देवस्थान, मंडळ व जातसंस्था ह्यांच्या चालकांनी आपला जमाखर्च व आपली वागणूक वर्षातून एकदा उघड सभेपुढे ठेवावी, आणि धाकट्यातल्या धाकट्या सभासदास प्रश्न विचारण्याची मुभा असावी. कोणावरही ठपका ठेवण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकावे. आणि ज्याने चूक कबूल करून भरपाई केली त्याचा लेख फाडून टाकावा. लग्नकार्यात, पंगतीत, बाजारात तो पुन्हा काढू नये.

ह्यांत खर्च काही नाही. मान मात्र थोडा खाली ठेवावा लागतो. शिष्यांनी ठोठावलेला दंड गुरु गोविंदसिंगांनी भरला, म्हणून तीनशे वर्षांनंतर त्यांचा मान तिळभर उणा झालेला नाही. आमच्या गावोगावच्या पंचांनी ही गोष्ट मनात आणून आपली पुढची बैठक भरवावी, एवढीच आमची विनंती आहे.