आजव्याचे पाणी आणणारा राजा

राजवाडे बांधणारे राजे इतिहासात पुष्कळ आढळतात. प्रजेच्या घागरीची चिंता वाहणारे थोडे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे या थोड्यांपैकी एक होत. त्यांच्या विद्याप्रेमाची कीर्ती आपण नेहमीच ऐकतो. आजवा तलावाचे त्यांचे कार्य मात्र त्या मानाने मागे पडले आहे. अंगणातल्या विहिरीवर वाढलेल्या आम्हां गोमंतकीयांस त्याचे मोल बडोद्यास आल्यावरच कळले. म्हणून ते विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. मूळ नाव गोपाळराव. घराणे गायकवाडांचेच, पण शाखा दूरची. वडील काशीराव शेती करीत. पुढे १८७५ साली इंग्रज सरकारने बडोद्याच्या मल्हारराव महाराजांना पदच्युत केले. तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी दत्तकासाठी कवळाण्याहून मुले आणविली. कशासाठी आलात, असे विचारताच गोपाळरावांनी आपण राज्य करावयास आलो, असे निःशंकपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले. बारा वर्षांच्या या मुलाचे शिक्षण तेव्हा कोठे आरंभ व्हावयाचे होते! परंतु इलियट साहेबांसारखे गुरू आणि सर टी. माधवराव यांच्यासारखे दिवाण लाभले, आणि स्वतःच्या परिश्रमास त्यांनी सीमा ठेवली नाही. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

त्या काळी बडोद्याची तहान विहिरी, वावी व तळी यांवर भागे. उघड्या साठ्यांचे पाणी उन्हाळ्यात आटावे, उरलेले गढूळ व्हावे आणि पाठोपाठ रोगराई यावी, हा ठरलेला क्रम. महाराजांनी यावर मुळातून उपाय योजिला. शहराच्या पूर्वेस सुमारे २० किलोमीटरांवर, आजवा गावापाशी, पावसाचे पाणी अडविण्याचे काम १८८५ साली सुरू झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी चिमणाबाई यांचे निधन झाले. घरावर असे संकट कोसळले तरी हाती घेतलेले काम थांबले नाही. सुमारे ५ किलोमीटर लांबीचा मातीचा बांध उभा राहिला, आणि १८९२ साली नळांतून पाणी शहरात आले. तलाव शहराहून उंचावर असल्याने पाणी आपल्याच भाराने उताराकडे धावते. शहराची वस्ती तेव्हा लाखाच्या थोडी वर होती. योजना आखली ती तीन लाखांसाठी. न जन्मलेल्या प्रजेचीही तहान राजाने मोजली होती!

याच सुमारास, १८९० साली, लक्ष्मीविलास राजवाडाही पूर्ण झाला, हे लपविण्याचे कारण नाही. तेथेही द्रव्य पाण्यासारखे खर्च झाले. परंतु राजवाड्याचे सुख एका कुटुंबाचे, तलावाचे सुख नगराचे, हा भेद विसरता येत नाही.

पाण्याप्रमाणेच विद्याही घरोघर जावी, हा त्यांचा ध्यास होता. १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या. १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले, ते महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर. परंतु तेच आंबेडकर १९१७ साली बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा जातीमुळे त्यांना या शहरात राहावयास जागा मिळाली नाही आणि शहर सोडून जावे लागले. वीस किलोमीटरांवरून पाणी आणणाऱ्या राजालाही शेजाऱ्याच्या मनाचे दार उघडता आले नाही! तेथे राजाज्ञा पुरी पडत नाही. ते कार्य नागरिकांचेच असते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस महाराजांचे निधन झाले. आज शहर कितीतरी वाढले आहे, महीचेही पाणी घ्यावे लागते. तथापि 'सयाजी सरोवर' म्हणून ओळखला जाणारा आजवा अद्याप शहराच्या पूर्व भागाची तहान भागवीत आहे. विद्यार्थिमित्रहो, नळाची तोटी वृथा वाहत ठेवू नका, आणि दारी आलेल्या तहानलेल्यास पाणी देताना त्याची जात विचारू नका. महाराजांचे स्मारक याहून थोर ते कोणते?