शिल्पकार वि. पां. करमरकर : भिंतीवरून पुतळ्यापर्यंत

आमच्या मिरजगावात पोरगं कोळशानं भिंतीवर चित्र काढायला लागलं की घरचे आधी भिंतीचा विचार करतात, पोराचा नंतर. आम्ही गिरणी कामगारही त्यातलेच. म्हणून हे चरित्र थोडक्यात देत आहोत.

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळच्या सासवणे गावी झाला. घरी गणपती घडत, मातीत हात तिथंच बसला. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी घोड्यावर बसलेले शिवराय काढले. कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी ते पाहिले व पोराला मुंबईच्या सरकारी जे. जे. कलाशाळेत धाडले. तिथं रीतसर शिक्षण झालं. पुढे कलकत्त्यात स्टुडिओ, १९२० साली लंडन. १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी एकसंध ओतवून घेतला. १९६७ साली ते गेले. सासवण्याच्या घरात त्यांची शिल्पं जपलेली आहेत.

पण एक सांगितलंच पाहिजे. अंगी गुण होता, तरी साहेबाची नजर पडली म्हणून वाट फुटली. आपल्या वस्तीतल्या किती भिंतींसमोरून कुणी साहेब गेलाच नाही!

१८५७ साली निघालेल्या त्या कलाशाळेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता साहेबाची वाट कशाला पाहायची? पोरापोरींना एलिमेंटरी, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसवू, प्रवेशाची तारीख चुकू देणार नाही. ती नजर आता आपणच व्हायचं आहे.