बोर्डानं मिशन बंद केलं, तरी ते कोल्हापूरला परत आले : रेव्हरंड वायल्डर यांची गोष्ट

कोल्हापूर : शहरातलं वायल्डर मेमोरियल चर्च बहुतेकांना ऐकून माहीत आहे. बाजाराला, कोर्टकचेरीच्या कामाला तालुक्यातून येणारी आपली माणसं ती पाटी वाचतात आणि पुढं जातात. पण हे वायल्डर कोण, असं विचारलं तर फारसं कुणाला सांगता येत नाही. म्हणून हा लेख.

रॉयल गूल्ड वायल्डर यांचा जन्म 1816 चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ब्रिडपोर्ट या गावचा. मिडलबरी कॉलेजात शिक्षण झालं, पुढं अँडोव्हरला धर्मशास्त्राचा अभ्यास झाला. शिकलेल्या माणसाला तिकडं एखाद्या चर्चमध्ये पाळक म्हणून सुखानं राहता आलं असतं. पण परमुलखात जाऊन येशूची सुवार्ता सांगायची, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. ख्रिस्ती मंडळी याला पाचारण म्हणतात. म्हणजे देवानं दिलेली हाक. ती ऐकू आली की घरदार सोडून निघायचं, आपल्याकडं वारकरी शेतातलं काम टाकून पंढरीची वाट धरतो तसं. फरक एवढाच की यांची वाट चार-पाच महिन्यांची होती. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता, शिडाच्या जहाजानं आफ्रिकेला वळसा घालून यावं लागे.

1846 साली लग्न करून पत्नी एलायझा यांच्यासह ते निघाले आणि अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) आले. अमेरिकन मिशनचं तिथं मोठं काम होतं. मिशनच्या मुलींच्या शाळेचा नगरला आधीच बोलबाला होता. महात्मा फुलेंनी 1848 ला पुण्यात शाळा काढण्याआधी नगरची ती शाळा पाहिली होती. वायल्डर नगरला मराठी शिकले आणि शाळांच्या कामात रमले.

रेल्वे नसलेल्या काळात कोल्हापुरात

1852 च्या अखेरीस ते कोल्हापूरला आले. देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावायला अजून काही महिने होते आणि कोल्हापूरला रेल्वे यायला तर 1891 साल उजाडलं. संस्थानी राजधानी, अंबाबाईचं गाव. तिथं गोरा पाद्री येऊन दुसरा धर्म सांगतो म्हटल्यावर लोकांनी विरोध केला. हे आज समजून घ्यायला अवघड नाही. वायल्डर यांनीही आपण कशासाठी आलोय ते लपवलं नाही. धर्म सांगायचा आणि त्याबरोबर शाळा काढायची, अशी त्यांची रीत होती. पोरगं शाळेत आलं की मास्तरला त्याच्या घरात पाय ठेवता येतो, वाचायला शिकलेला माणूस पुस्तक स्वतः वाचून ठरवू शकतो, असा त्यांचा हिशेब होता.

पण भांडण निघालं ते त्यांच्याच घरात. बोस्टनच्या ज्या बोर्डानं त्यांना पाठवलं होतं, त्याचे सेक्रेटरी रुफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात पाहणीला आले. त्यांचं मत पडलं की मिशनरीचं पहिलं काम सुवार्ता सांगणं. ती लोकांच्या भाषेत सांगावी, इथल्याच माणसांतून पाळक तयार करावेत. इंग्रजी शाळांवर पैसा घालायचा आणि शिकलेली पोरं सरकारी नोकरीत जायची, यात मिशनचा काय फायदा? विचार अगदीच चुकीचा नव्हता. पण वायल्डर यांना तो पटला नाही. शाळा म्हणजे सुवार्तेत अडथळा, हे ते मान्य करेनात.

1857 च्या सुमारास तब्येतीमुळं ते अमेरिकेला गेले. पाठीमागं बोर्डानं कोल्हापूरचं मिशनच बंद केलं. वायल्डर यांनी गप्प न बसता मिशन शाळांच्या बाजूनं पुस्तक लिहिलं, ते 1861 ला छापून आलं.

पंचेचाळिशीत पुन्हा सुरुवात

त्याच 1861 साली ते परत निघाले. आता पगार देणारं बोर्ड नव्हतं. वय पंचेचाळीसच्या घरात, बरोबर बायकापोरं. मित्रांच्या आणि हितचिंतकांच्या देणग्यांवर त्यांनी जवळजवळ नऊ वर्षं कोल्हापूरचं काम चालवलं. पावसाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातला घोर कळेल. 1870 च्या सुमारास प्रेस्बिटेरियन बोर्डानं हे मिशन आपल्याकडं घेतलं.

त्यांच्या कामाची जी नोंद मिळते ती अशी : हिंदुस्थानातल्या तीस वर्षांत 3,000 हून अधिक गावंशहरं फिरले, 3,300 च्या वर मुलं शाळेत आणली, त्यात 300 मुली. मराठी बायबलच्या दुरुस्तीच्या कामातही त्यांचा हात होता. ख्रिस्ती झालेली माणसं मात्र थोडीच. नुसती ती मोजली तर अँडरसन बरोबर ठरतात, शाळेत आलेली पोरं मोजली तर वायल्डर.

1875 नंतर तब्येतीनं साथ सोडली आणि ते प्रिन्स्टनला जाऊन राहिले. 1878 ला त्यांनी मिशनच्या कामाचं मासिक काढलं आणि शेवटपर्यंत चालवलं.

त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली कोल्हापुरातच जन्मलेला. 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथं अडीचशेच्या आसपास विद्यार्थी जमले होते. त्यातल्या शंभर जणांनी परदेशी मिशनला जायची तयारी दाखवली, त्यामागं रॉबर्टचे कष्ट होते. त्यातूनच विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली आणि पुढच्या काळात हजारो तरुण जगभर गेले.

त्या शंभर जणांनंतर कॉलेजा-कॉलेजांत फिरायची वेळ आली, तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते. आपण गेलो तर परत भेट होईल का, ही धास्ती रॉबर्टला होती. वडिलांनीच त्याला जायला सांगितलं. स्वतः चाळीस वर्षांपूर्वी ज्या हाकेवर घर सोडलं, तिच्याआड ते आता मुलाच्या येणार नव्हते. 10 ऑक्टोबर 1887 ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. पुढं एलायझाबाई आणि मुलगी ग्रेस परत आपल्याच मुलखात आल्या. कोल्हापूर आणि वाळव्याकडच्या खेड्यांत त्यांनी काम केलं.

धर्म बदलण्याचा विषय आजही नाजूक आहे आणि त्यावर ज्याचं त्याचं मत असणार. पण 1850 च्या दशकात या भागात पोरींच्या हातात पाटी देणाऱ्यांत हा माणूस होता. पुढच्या वेळी ती पाटी वाचताना एवढं तरी आठवावं.