विजेच्या कायद्यामागचे बाबासाहेब

महूचा जन्म, महाडचं पाणी, नागपूरची दीक्षा हे सानगडीतल्या लहान पोरालाही पाठ आहे. म्हणून ते आम्ही इथे सांगत बसत नाही. परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्यातली चार वर्षं मात्र आपल्या भाषणांत फारशी येत नाहीत. जुलै 1942 ते जून 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि वीज त्यांच्याच खात्यात होती.

त्या काळी 1910 चा कायदा चाले. कंपन्यांना परवाने मिळत, वीज शहरात राही, खेड्यात कंदील. 25 ऑक्टोबर 1943 रोजी धोरण समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी सरळ प्रश्न मांडले. वीज सरकारची असावी की खाजगी? खाजगी असली तर जनतेचं नुकसान होऊ नये म्हणून कोणत्या अटी घालाव्या? कारभार केंद्राचा की प्रांताचा? गरिबी हटायची तर कारखानदारी पाहिजे आणि त्यासाठी वीज स्वस्त, भरपूर पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता.

पुढे 1948 चा वीजपुरवठा कायदा काकासाहेब गाडगीळांनी मंजूर करून घेतला, त्यातून प्रांतोप्रांती वीज मंडळं निघाली. तेव्हा बाबासाहेब कायदेमंत्री होते. घटनेतही वीज 1935 च्या कायद्याप्रमाणे समवर्ती सूचीतच राहिली, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. आज राज्यं दुरुस्तीच्या वेळी आम्हाला विचारा म्हणतात, ते याच जोरावर.

1954 साली बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. ही बोच आपल्या जिल्ह्याला आहेच. 6 डिसेंबर 1956 ला ते गेले.

कायदा मात्र बदलत राहिला. 2003 ला नवा आला, 2005 ला आपल्या मंडळाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. ऑगस्ट 2022 मध्ये आणखी एक दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं. एकाच भागात, त्याच तारांवरून अनेक कंपन्यांनी वीज विकावी असं त्यात होतं. कंपन्या शहरातलं पैसेवालं गिऱ्हाईक नेतील अन् खेड्यातला शेतीपंप सरकारी कंपनीच्या गळ्यात राहील, असं म्हणत कामगार, शेतकरी उठले. विधेयक स्थायी समितीकडे गेलं.

दुरुस्ती करूच नये, असं आम्ही म्हणत नाही. पण 1943 चा तो अटींचा प्रश्न आधी विचारला पाहिजे, आणि तो विचारायला दिल्लीत आपला माणूस पाहिजे. 1954 ला तो भंडाऱ्यातूनच जाणार होता.