पॉल डडली व्हाईट

पॉल डडली व्हाईट (जन्म : रॉक्सबरी, मॅसॅच्युसेट्स, ६ जून १८८६, मृत्यू : बोस्टन, ३१ ऑक्टोबर १९७३) हे अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ होते. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाने पुन्हा हिंडावे-फिरावे व कामावर परतावे, हा विचार सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

शिक्षण व आरंभीचे कार्य

व्हाईट यांचे वडील डॉक्टर होते. बहिणीचा संधिवातज हृदयविकाराने झालेला मृत्यू त्यांच्या मनावर खोल परिणाम करून गेला. १९११ साली हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतल्यावर ते मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात रुजू झाले. पुढे लंडनला सर थॉमस लुईस यांच्याकडे त्यांनी हृदयाच्या विद्युत्-आलेखाचा अभ्यास केला आणि परतताना ईसीजी यंत्र बोस्टनला आणले. १९२४ साली स्थापन झालेल्या अमेरिकन हार्ट असोसिएशनचे ते एक संस्थापक होते. १९३१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा हृदयरोगावरील ग्रंथ दीर्घकाळ प्रमाणभूत मानला गेला. वुल्फ-पार्किन्सन-व्हाईट या विकाराच्या नावातील व्हाईट ते हेच.

विश्रांतीकडून व्यायामाकडे

त्या काळी झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल पडून राहावे लागे. कुशीवर वळणे, स्वतःच्या हाताने जेवणे यांवरही बंधन असे. घरी परतलेला कर्ता पुरुष बहुधा कायमचा अधू समजला जाई. या प्रथेला खुद्द व्हाईट यांच्या संशोधनाचाही आधार होता, हे विशेष. १९३९ साली मॅलरी व साल्सेदो-साल्गार यांच्यासह त्यांनी ७२ मृतांच्या हृदयांची तपासणी प्रसिद्ध केली. हृदयस्नायूंवरील लहान व्रण भरण्यास सुमारे पाच आठवडे व मोठा भरण्यास दोन महिने लागतात, असे तीत आढळले होते. मात्र व्रण भरल्यानंतरही माणसाला जन्मभर बसवून ठेवावे, असा याचा अर्थ होत नव्हता. व्हाईट यांचा रोख या फरकावर होता. १९५२ साली बोस्टनमधीलच सॅम्युअल लेव्हाईन व बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णाला लवकर खुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला, तेव्हा जुन्या प्रथेला मोठा धक्का बसला.

आयझेनहॉवर यांचे आजारपण

२४ सप्टेंबर १९५५ रोजी डेन्व्हर येथे राष्ट्राध्यक्ष ड्वाईट आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. व्हाईट यांना तातडीने बोलावण्यात आले. सोमवारी, २६ तारखेला, शेअर बाजार कोसळला. त्याच दिवशी व्हाईट यांनी वार्ताहरांना राष्ट्राध्यक्षांचा आजार शाळेत शिकवावा तसा समजावून सांगितला. आयझेनहॉवर यांना टप्प्याटप्प्याने बसवण्यात व चालवण्यात आले, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी रुग्णालय सोडले. पुढील फेब्रुवारीत ते पुन्हा गोल्फ खेळू लागले. ते आणखी काही वर्षे कार्यक्षम राहू शकतात, असा निर्वाळा व्हाईट यांनी दिला. १९५६ सालची निवडणूक आयझेनहॉवर यांनी जिंकली. झटक्यानंतर देशाचा कारभार चालवता येत असेल तर कचेरीतले वा कारखान्यातले कामही करता येईल, हे लोकांना यातून जितके पटले तितके कोणत्याही शोधनिबंधाने पटले नसते.

उत्तरायुष्य

व्हाईट स्वतः उतारवयापर्यंत सायकल चालवीत व पायी चालत. चालणे व सायकल ही महागडी साधने नव्हेत, म्हणून त्यांचा सल्ला सामान्य माणसालाही आचरणात आणता येण्याजोगा होता. देवमाशाच्या हृदयाचे ठोके नोंदवण्यासाठी त्यांनी मेक्सिकोच्या किनाऱ्यापर्यंत मोहीम नेली होती. १९६४ साली त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा सन्मान मिळाला. बोस्टन परिसरात चार्ल्स नदीकाठी असलेल्या सायकलमार्गाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.