थांबविल्या गेलेल्या माणसाचे उड्डाण

५ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यालगतच्या मॅटागोर्डा बेटावर ‘पर्शेरॉन’ हा अग्निबाण जमिनीवरच, इंजिनाच्या चाचणीत स्फोट होऊन नष्ट झाला. ह्यूस्टनचे बांधकाम व्यावसायिक डेव्हिड हॅना यांच्या स्पेस सर्व्हिसेस या कंपनीने तो सरकारी पैसा न घेता उभारला होता. अंतराळ हे सरकारांचेच क्षेत्र आहे, असे मानणाऱ्यांना या स्फोटाने आयते निमित्त मिळाले. कंपनी बंद करणे हाच शहाणपणा ठरला असता. हॅना यांनी मात्र काही महिन्यांतच एका अशा माणसाला पाचारण केले, ज्याच्या आयुष्याचा मोठा भाग अपयशानंतरची घडी बसविण्यातच गेला होता. ते होते डोनाल्ड केंट ऊर्फ ‘डीक’ स्लेटन.

स्लेटन यांचा जन्म १ मार्च १९२४ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील स्पार्टा गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणीच गवत कापण्याच्या यंत्रात सापडून त्यांच्या डाव्या हाताचे एक बोट गेले. पण त्यामुळे त्यांचे वैमानिक होणे अडले नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी युरोपात बी-२५ बॉम्बफेकी विमाने चालविली आणि युद्धाच्या अखेरीस जपानवरील मोहिमांतही भाग घेतला. पुढे मिनेसोटा विद्यापीठातून विमान अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते एडवर्ड्स हवाई तळावर चाचणी वैमानिक झाले. १९५९ मध्ये ‘नासा’ने निवडलेल्या पहिल्या सात अंतराळवीरांत त्यांचा समावेश झाला.

पृथ्वीप्रदक्षिणेची मोहीम त्यांच्या नावे ठरली होती. मात्र त्यांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून अनियमित पडत असल्याचे आढळले. हवाई दलाच्या डॉक्टरांनी त्यांना योग्य ठरविले होते, तरीही मार्च १९६२ मध्ये त्यांचे उड्डाण रद्द करण्यात आले. रशियाशी अंतराळस्पर्धा सुरू असताना कक्षेत अंतराळवीराला काही झाले असते, तर त्याचा राजकीय भार पेलण्याची कोणाचीच तयारी नव्हती. मे महिन्यात त्यांच्या जागी स्कॉट कार्पेंटर गेले.

दुसरा एखादा या आघाताने कडवटपणे बाजूला झाला असता. स्लेटन मागे राहिले आणि अंतराळवीरांच्या कामाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. कोणत्या यानातून कोणी जायचे, हे ठरविण्यात पुढील दशकभर त्यांचाच शब्द निर्णायक राहिला. ज्यांनी चंद्रावर पाऊल ठेवले, त्यांची नेमणूक अंतराळात स्वतः कधी न गेलेल्या या माणसाने केली होती.

२७ जानेवारी १९६७ रोजी अपोलोच्या जमिनीवरील चाचणीत यानाला आग लागून गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे मृत्युमुखी पडले. स्लेटन त्या वेळी जवळच्याच नियंत्रणकक्षात होते आणि ग्रिसम त्यांचे जिवलग मित्र होते. त्यानंतर काँग्रेससमोर चौकशी झाली, यानाचा दरवाजा नव्याने आखला गेला, ज्वलनशील साहित्य काढून टाकण्यात आले. पुढचे मानवी उड्डाण ऑक्टोबर १९६८ पर्यंत होऊ शकले नाही. अपघातानंतर यंत्र दुरुस्त करावे लागते आणि विश्वासही; यांपैकी दुसरे काम अधिक वेळ घेते, हे स्लेटन यांनी तेथे जवळून पाहिले.

त्यांचे स्वतःचे उड्डाण तेरा वर्षे लांबले. हृदयाचा दोष मागे पडल्यावर मार्च १९७२ मध्ये त्यांना पुन्हा पात्र ठरविण्यात आले आणि जुलै १९७५ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या अपोलो-सोयुझ या संयुक्त मोहिमेत ते अंतराळात गेले. परतताना यानात विषारी वायू शिरल्याने तिन्ही अमेरिकी अंतराळवीरांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्या तपासणीत स्लेटन यांच्या फुप्फुसावर एक गाठ आढळली. ती निरुपद्रवी निघाली. तीच आधी दिसली असती, तर कदाचित हे उड्डाणही हुकले असते.

१९८२ मध्ये ‘नासा’ सोडून ते हॅना यांच्या कंपनीत आले. स्फोटानंतरचा पहिला निर्णय तांत्रिक होता. द्रवरूप इंधनाचे स्वतःचे नवे इंजिन सोडून, मिनिटमन क्षेपणास्त्राच्या दुसऱ्या टप्प्याचे सिद्ध झालेले घनइंधन इंजिन वापरायचे ठरले. नव्या अग्निबाणाचे नाव ‘कॉनेस्टोगा’. या निवडीत नावीन्य नव्हते. पण दुसरा स्फोट कंपनीला परवडणारा नव्हता.

दुसरी अडचण कागदावरची होती. खासगी अग्निबाणाला परवानगी देणारे एकच खाते अमेरिकेत नव्हते. हवाई वाहतूक, संदेशवहन, परराष्ट्र व्यवहार अशा अनेक खात्यांचे उंबरठे झिजवावे लागले. अग्निबाण देशाबाहेर जातो म्हणून शस्त्रनिर्यातीचे नियमही त्याला लागू करण्यात आले. अखेर ९ सप्टेंबर १९८२ रोजी, स्लेटन यांच्या देखरेखीखाली, कॉनेस्टोगा मॅटागोर्डावरून झेपावला, सुमारे ३०० किलोमीटर उंची गाठून मेक्सिकोच्या आखातात उतरला. खासगी पैशाने अंतराळात पोहोचलेला तो पहिला अग्निबाण होता. उपग्रहाऐवजी त्यात पाणी भरलेला नमुना-भार होता.

या यशामागची कागदोपत्री धडपड वॉशिंग्टनच्या लक्षात आली होती. फेब्रुवारी १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी हे काम वाहतूक खात्याकडे सोपविले आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला व्यापारी प्रक्षेपणाचा कायदा झाला. तरीही ग्राहक मिळेनात. सरकारी अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या स्पेस शटलशी दरांत स्पर्धा करणे अशक्य होते. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर शटल कोसळले आणि त्याच वर्षी शटलने व्यापारी उपग्रह नेणे थांबविण्याचे धोरण जाहीर झाले. एका अपघाताने खुले केलेल्या या वाटेवर, २९ मार्च १९८९ रोजी स्लेटन यांच्या कंपनीच्या ‘स्टारफायर’ अग्निबाणाने न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथून उड्डाण केले. नव्या कायद्याखालील परवान्याने झालेले ते पहिले प्रक्षेपण होते.

१३ जून १९९३ रोजी मेंदूच्या कर्करोगाने स्लेटन यांचे टेक्सासमध्ये निधन झाले. उपग्रह घेऊन कक्षेत जाण्यासाठी सज्ज झालेला मोठा कॉनेस्टोगा पाहण्यास ते उरले नाहीत. तोपर्यंत दुसऱ्या कंपनीकडे गेलेला हा अग्निबाण ऑक्टोबर १९९५ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरून निघाला आणि मिनिटाच्या आतच नष्ट झाला. धंदा म्हणून पाहिले तर ही कहाणी अपयशाचीच ठरते.

मात्र आज एखाद्या खासगी कंपनीचा अग्निबाण अमेरिकेत कोसळतो, तेव्हा चौकशी कोणाच्या देखरेखीखाली व्हावी आणि पुन्हा उड्डाणाची अनुमती कोणी द्यावी, हे आधीच ठरलेले असते. मॅटागोर्डावरच्या स्फोटाच्या वेळी ते ठरलेले नव्हते. ती रीत घडण्याच्या काळात, स्वतः तेरा वर्षे अनुमतीची वाट पाहिलेला एक माणूस त्या बेटावर दुसऱ्या अग्निबाणाची तयारी करीत होता.